प्रतिकारक, पण कोणाला? मातीतील रोगकारकांची जनुकीय विविधता आणि शहापूर-मुरबाडची शेती



स्मृतिव्याख्यानाचा विषय काहीसा उदात्त असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आजचा विषय मात्र जमिनीच्या वरच्या वीतभर थरात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा आणि बहुधा पीक हातचे गेल्यावरच आठवणारा आहे. बियाण्याच्या पिशवीवर ‘मररोगास प्रतिकारक’ असे छापलेले असते. घेणारा ते वाचतो, विकणारा तेच पुन्हा सांगतो आणि व्यवहार पूर्ण होतो. या व्यवहारात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. प्रतिकारक, पण कोणाला? कोणत्या जमिनीतल्या, कोणत्या कुळातल्या, कोणत्या वर्षी तपासलेल्या रोगकारकाला? वाणाची प्रतिकारक्षमता हा एकट्या बियाण्याचा गुण मानण्याची सवय शेतकऱ्याला आहे, विक्रेत्याला आहे आणि काही प्रमाणात कृषी खात्यालाही आहे. वस्तुतः ते बियाणे आणि त्या जमिनीत नांदणाऱ्या रोगकारकांची समष्टी यांच्यातील नाते असते, आणि नात्यातील एक बाजू बदलली की नातेही बदलते. या व्याख्यानात मांडायचा मुद्दा एवढाच आहे; पुढचे सारे विवेचन त्याच्या पुराव्यासाठी आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. समष्टी म्हणजे एका परिसरात राहणाऱ्या एकाच जातीच्या सर्व जीवांचा समुदाय, आणि जनुकीय विविधता म्हणजे त्या समुदायातील व्यक्तींच्या आनुवंशिक घडणीत असलेला फरक. वाडा कोलम, जया आणि कर्जत-३ ही तिन्ही भातेच असली, तरी त्यांचा दाणा, त्यांचा हंगाम आणि खतापाण्याला त्यांनी दिलेला प्रतिसाद वेगळा असतो, हे या सभागृहात कोणाला सांगण्याची गरज नाही. तसाच प्रकार बुरशी आणि जीवाणू यांच्यातही असतो, फक्त त्यांचे दाणे हातात घेऊन पाहता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसणारे दोन बीजाणू, म्हणजे बुरशीची बीजासारखी सूक्ष्म पुनरुत्पादक अंगे, हरभऱ्याच्या एकाच वाणावर टाकले असता एक ते झाड मारतो आणि दुसरा मारत नाही. असे का होते, हा विसाव्या शतकातील वनस्पतिरोगशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न होता.

हवेतून पसरणाऱ्या तांबेऱ्यासारख्या रोगाची विविधता वाऱ्याबरोबर शेकडो मैल फिरते, त्यामुळे तिचा हिशेब देशपातळीवर करावा लागतो. मातीतला रोगकारक मात्र स्वतःच्या बळावर फार दूर जात नाही. तो मुळांबरोबर वाढतो, वाहत्या पाण्याबरोबर सरकतो, नांगराला, बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून बांध ओलांडतो आणि लांबचा प्रवास करायचा झाल्यास माणसाने नेलेल्या बियाण्यातून किंवा रोपातून करतो. म्हणूनच त्याची समष्टी गावोगावी, कधीकधी शेतोशेती वेगळी असू शकते. ज्या रोगाचा कारकच स्थानिक, त्याच्यावरचा उपाय राज्यभर एकच कसा असेल?

हा प्रश्न महाराष्ट्राच्या ओळखीच्या पिकावर, म्हणजे हरभऱ्यावर, तपासून पाहणे सोयीचे आहे, कारण त्याचा अभ्यास बऱ्याच अंशी मराठी भूमीवर आणि मराठी अभ्यासकांच्या हातून झालेला आहे. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी जगभरच्या मातीत आढळते आणि तिची बहुतेक रूपे निरुपद्रवी असतात. मात्र काही रूपे एकेका पिकावर नेमकी बेतलेली असतात, त्यांना विशेष रूप असे म्हणतात. टोमॅटोचे विशेष रूप वेगळे, केळीचे वेगळे आणि हरभऱ्याचे, ज्याला सायसेरी म्हणतात, ते वेगळे. हरभऱ्याच्या कोवळ्या मुळातून ही बुरशी आत शिरते, पाणी वर वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये वाढते आणि त्या नलिका बुरशीच्या धाग्यांनी व झाडाने बचावासाठी सोडलेल्या चिकट द्रव्यांनी तुंबतात. परिणामी मातीत पुरेशी ओल असतानाही झाड तहानलेले मरते; हाच हरभऱ्याचा मररोग. खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळी रेघ दिसते. झाड मेल्यावरही प्रकरण मिटत नाही, कारण ही बुरशी जाड कवचाचे बीजाणू तयार करून हरभऱ्याशिवाय सहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जमिनीत तग धरते. दोन-तीन वर्षांची फेरपालट तिच्यापुढे अपुरी पडते ती यामुळेच.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हवारे आणि नेने या दोन शास्त्रज्ञांनी देशातील निरनिराळ्या भागांतून आणलेली ही बुरशी हरभऱ्याच्या दहा निवडक वाणांवर एकाच वेळी सोडून पाहिली. पद्धत वरवर अगदी साधी होती: प्रत्येक नमुन्यापुढे तेच दहा वाण उभे करायचे आणि कोणता वाण मरतो, कोणता जगतो याची नोंद ठेवायची. त्या दहांत महाराष्ट्राचा जुना ‘चाफा’ होता, कर्नाटकातला ‘अण्णिगेरी’ होता आणि एका देठाला दोन-दोन घाटे धरणारा, पण मरीपुढे हमखास लोळण घेणारा ‘जेजी-६२’ होता. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून चार वेगळे साचे दिसून आले. हैदराबादचा आणि कानपूरचा नमुना नेमके तेच वाण मारीत नसत, आणि गुरुदासपूर व हिसार येथील नमुन्यांची निवड आणखी निराळी होती. या चार प्रकारांना रोगकारक वंश असे म्हटले गेले आणि त्यांना १ ते ४ हे क्रमांक मिळाले. दख्खनच्या वाट्याला मुख्यतः पहिला वंश आला.

येथे थोडे थांबून या प्रयोगाचा अर्थ पाहिला पाहिजे. हैदराबादच्या जमिनीत टिकलेला वाण कानपूरच्या जमिनीत कोसळू शकतो. तो वाण निवडणाऱ्या पैदासकाराची यात चूक नसते आणि बियाण्यातही खोट नसते. फक्त जमिनीखालचा प्रतिस्पर्धी बदललेला असतो. पहिल्या वंशाविरुद्धच्या प्रतिकारक्षमतेचा अभ्यास केल्यावर असे आढळले, की तीन स्वतंत्र जनुके त्यात भाग घेतात. यांपैकी एखादेच जनुक असेल तर मर उशिरा येते, आणि दोन एकत्र आली तर झाड पूर्ण वाचते. मर उशिरा येणे ही गोष्ट व्यवहारात फार फसवी आहे. असे झाड घाटे भरेपर्यंत उभे राहते, शेतकऱ्याला वाण चांगला वाटतो, बियाणे पुढच्या हंगामासाठी राखले जाते, आणि आतून रोग लागलेल्या झाडाच्या बियाण्याबरोबर बुरशीही राखली जाते. हा रोग बियाण्यातून पसरतो, हे इक्रिसॅटमध्येच १९७० च्या दशकात दाखवले गेले होते.

दहा कुंड्यांचा प्रयोग विश्वासार्ह असला तरी वेळखाऊ आहे, आणि तापमान थोडे बदलले तरी निकाल डळमळतो. म्हणून पुढच्या पिढीने बुरशीच्या डीएनएकडे मोर्चा वळवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रांजेकर आणि गुप्ता यांच्या गटाने हवारे यांच्या सहकार्याने या चारही वंशांचे डीएनए तपासले. त्यासाठी त्यांनी जनुकद्रव्यात एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येणारे अगदी छोटे तुकडे वापरले, ज्यांची संख्या व जागा प्रत्येक कुळात वेगळी असते आणि म्हणून ज्यांचा बोटांच्या ठशांसारखा उपयोग होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिला व चौथा वंश एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत, दुसरा त्यांच्यापासून थोडा दूर आहे, आणि गुरुदासपूरचा तिसरा वंश या तिघांपासून फारच लांब आहे. त्याच वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभ्यासकांनी हे वंश ओळखण्याची एक सोपी, जलद रेणवीय पद्धत मांडली. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील गटाने अनेक राज्यांतील नमुने नव्या वाणसंचावर तपासून चाराऐवजी आठ वंशांची मांडणी केली. चार की आठ, हा वाद सोडवणे हे या व्याख्यानाचे काम नाही. मोजण्याची फूटपट्टी बारीक केली की विविधता अधिक दिसू लागते, एवढे लक्षात आले तरी पुरे.

मात्र या डीएनएच्या ठशांविषयी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, आणि ती पुष्कळ शोधनिबंधांतही बाळगली जात नाही. दोन नमुन्यांचे ठसे जुळले म्हणजे ते एकाच वाणाला मारतील असे नाही, आणि ठसे वेगळे निघाले म्हणजे त्यांचा उपद्रव वेगळा असेल असेही नाही. हे ठसे नाते सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. झाडाला मारण्याची क्षमता काही मोजक्या जनुकांवर अवलंबून असते आणि ती मोजकी जनुके उरलेल्या जनुकद्रव्यापेक्षा निराळ्या वेगाने बदलू शकतात. प्रयोगशाळेतला रंगीत वंशवृक्ष पाहून खूश होणारा अभ्यासक आणि खाचरात मेलेले झाड उपटणारा शेतकरी यांच्यामध्ये एक कुंडी नेहमी लागते, आणि ती स्वस्तातली कुंडी अजूनही कोणत्याही यंत्राने कालबाह्य केलेली नाही.

आता मूळ प्रश्न: ही विविधता येते कोठून? प्राणी आणि बहुतेक पिके यांच्यात नर-मादीच्या संयोगातून जनुकांची सरमिसळ होते. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममध्ये असा लैंगिक टप्पा आढळलेला नाही. ती स्वतःच्याच प्रती काढत राहते, आणि अशा एका पूर्वजापासून निघालेल्या हुबेहूब प्रतींच्या मालिकेला कृंतक वंशावळ म्हणतात. मग सगळ्या प्रती सारख्याच का राहत नाहीत? एक कारण उत्परिवर्तन, म्हणजे प्रत काढताना होणारी चूक. दर चूक क्षुल्लक असते, पण मातीतील बीजाणूंची संख्या इतकी प्रचंड असते की क्वचित घडणारी गोष्टही तेथे रोज घडते. स्पेनमधील अभ्यासकांनी हरभऱ्यावरील या बुरशीच्या वंशांची वंशावळ लावली, तेव्हा ते सर्व एकाच पूर्वजापासून, एकेक पायरी चढत निर्माण झाले असावेत असे दिसले. एखाद्या वाणाची एक भिंत ओलांडायला फार मोठी क्रांती लागत नाही, थोडे बदल पुरतात, असा त्याचा अर्थ.

दुसरे कारण अधिक चकित करणारे आहे. टोमॅटोवरील फ्युजेरियमचे संपूर्ण जनुकद्रव्य वाचले गेले, तेव्हा त्याची काही गुणसूत्रे त्याच्या जवळच्या नातेवाइकांत अजिबातच नसल्याचे आढळले, आणि रोग घडवणारी जनुके नेमकी त्याच गुणसूत्रांवर होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात, रोगकारक कूळ आणि निरुपद्रवी कूळ यांना केवळ शेजारी वाढवल्यावर असे एक गुणसूत्र पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेले आणि निरुपद्रवी बुरशी टोमॅटोला रोग करू लागली. लग्न नाही, संतती नाही, आणि तरीही वारसा शेजाऱ्याच्या घरात! मातीत असा व्यवहार किती वेळा घडतो, हे प्रयोगशाळेतील बशीवरून ठरवता येत नाही. परंतु निरुपद्रवी समजल्या गेलेल्या समष्टीकडेही यापुढे दुर्लक्ष करता येणार नाही, हे मात्र त्यातून ठरले.

तिसरे कारण माणूस. उत्परिवर्तनातून निर्माण झालेल्या असंख्य प्रकारांपैकी कोणता वाढावा आणि कोणता मागे पडावा, याची निवड बव्हंशी शेतात पेरलेला वाण करतो. सर्वत्र एकच वाण पेरला, तर त्या वाणाला मारू शकणाऱ्या विरळ प्रकारापुढे सगळा तालुका जेवणाच्या ताटासारखा मांडला जातो. केळीचा इतिहास याचा सर्वांत कटू दाखला आहे. मध्य अमेरिकेत निर्यातीसाठी ग्रो मिशेल या एकाच वाणाची लागवड झाली, फ्युजेरियमच्या पहिल्या वंशाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती उद्ध्वस्त केली, आणि मग त्या वंशाला प्रतिकारक असलेल्या कॅव्हेंडिश गटाकडे सारे जग वळले. जळगावची बसराई आणि आजची ग्रँड नैन ही त्याच गटातली. पुढे आशियात कॅव्हेंडिशलाही मारणारा वंश पुढे आला. तो गेल्या दशकात बिहार व उत्तर प्रदेशातील बागांत आढळल्यापासून केळीचे कंद कोठून आणले, हा प्रश्न खानदेशासाठी सौजन्याचा राहिलेला नाही. प्रतिकारक वाणाने लढाई जिंकली, आणि जिंकलेल्या त्या वाणानेच पुढच्या शत्रूची निवड केली.

बुरशीकडून आता जीवाणूकडे वळावे लागेल, कारण वांगी, टोमॅटो आणि मिरची यांच्यावरील जिवाणूजन्य मर हा उष्ण, दमट आणि आम्ल जमिनीच्या कोकणपट्टीतील भाजीपाल्याचा जुना शत्रू आहे. त्याचे नाव राल्स्टोनिया. भारतातील त्याची पहिली नोंद १८९२ साली पुणे भागातील बटाट्यावर झाली. कापलेल्या बटाट्यात दिसणाऱ्या तपकिरी कड्यामुळे शेतकरी त्या रोगाला बांगडी म्हणत. अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी या जीवाणूचे शास्त्रीय वर्णन केले ते १८९६ मध्ये, म्हणजे पुण्याच्या नोंदीनंतर चार वर्षांनी. दोनशेहून अधिक वनस्पतींना ग्रासणाऱ्या या जीवाणूत इतकी विविधता आहे, की त्याची जात एक की अनेक यावर शास्त्रज्ञ शतकभर चर्चा करीत राहिले. अखेर चार मोठी कुळे मान्य झाली: एक आशियाचे, दुसरे अमेरिकेचे, तिसरे आफ्रिकेचे आणि चौथे इंडोनेशिया परिसराचे, आणि २०१४ मध्ये या गोतावळ्याची तीन स्वतंत्र जातींत विभागणी करण्यात आली. या जीवाणूचे जनुकद्रव्य दोन मोठ्या तुकड्यांत विभागलेले असते, आणि तो परिसरात पडलेला परका डीएनए उचलून स्वतःच्या जनुकद्रव्यात जोडून घेऊ शकतो. बुरशीला जे क्वचित जमते, ते याच्या अंगवळणी पडलेले आहे.

या रोगाचा या पट्ट्याला सर्वांत जवळचा अभ्यास गोव्याचा आहे. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी वांगी वर्गातील भाज्यांवरून हे जीवाणू गोळा करून त्यांचे जनुकीय वर्गीकरण केले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, ते जीवाणू आशियाई कुळातलेच होते. म्हणजे वरून पाहता समष्टी एकजिनसी दिसत होती. दुसरी, त्याच कुळाच्या आत, एका विशिष्ट जनुकाच्या अक्षरक्रमावरून ठरणाऱ्या उपकुळांमध्ये, पूर्वी जगात कोठेही न नोंदलेले प्रकार होते. घर एकच, पण आतल्या खोल्यांची मोजणीच झाली नव्हती. गोव्यातील आगशीचे वांगे चवीसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच या मरीला हळवे आहे. अशा वाणाचे काय करायचे? चव सोडून प्रतिकारक संकर घ्यायचा की मर सोसायची? मधला मार्ग कलमाचा आहे: मूळ प्रतिकारक वांग्याचे किंवा रानवांग्याचे आणि वरची फांदी आवडीच्या वाणाची. परंतु येथेही पहिलाच प्रश्न उभा राहतो. खुंट प्रतिकारक, पण कोणाला? बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का निधी’, ‘अर्का केशव’ यांसारखे चांगले प्रतिकारक वाण एका ठिकाणी उभे राहतात आणि दुसऱ्या ठिकाणी मान टाकतात, तेव्हा तापमान आणि जमिनीचा पोत यांच्याबरोबर तेथील जीवाणूच्या उपकुळाचाही विचार करावा लागतो.

श्रोतेहो, आता हे सारे शहापूर आणि मुरबाडच्या खाचरांत उतरवून पाहिले पाहिजे. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या उतारापर्यंतची ही शेती पावसाळ्यात भाताची आणि त्यानंतर अंगओलितावरच्या वाल-हरभऱ्याची; पाण्याची सोय असेल तेथे भेंडी, काकडी, वांगी, मिरची.  मातीतील रोगकारकांच्या दृष्टीने या पीकपद्धतीत एक मोठी जमेची बाजू आहे: खाचरात महिनोन्महिने साचलेले पाणी. पाण्याखालच्या मातीतला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायूवर जगणाऱ्या बुरशींची संख्या घटते. मध्य अमेरिकेतील केळीच्या कंपन्यांनी हाच गुण ओळखून फ्युजेरियमग्रस्त जमिनी मुद्दाम कित्येक महिने पाण्याखाली बुडवून ठेवल्या होत्या. सुरुवातीला फायदा झाला. काही वर्षांत रोग परतला. राल्स्टोनियाच्या बाबतीतही भाताबरोबरची फेरपालट उपयुक्त ठरते.

परंतु पाणी हा गाळणीसारखा उपाय आहे, झाकणासारखा नव्हे. दरवर्षी पावसाळ्यात समष्टी आक्रसते आणि रब्बीत पुन्हा वाढते. अशा अरुंद दारातून वारंवार जाणाऱ्या समष्टीत विविधता घटणे अपेक्षित असते, पण जे उरते ते योगायोगाने उरते किंवा पाणी सोसण्याच्या गुणामुळे उरते, आणि पुढच्या हंगामाची सुरुवात नेमकी त्याच उरलेल्यांपासून होते. शिवाय डोंगरउताराच्या मजगीत वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते, त्यामुळे वरच्या शेतकऱ्याची समष्टी खालच्या शेतकऱ्याकडे आपोआप येते. बांधावरून भांडण होते, पण या आवकीची फिर्याद कोणी करीत नाही.

या परिसराचा दुसरा जुना प्रघात म्हणजे राब. दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जमिनीवर शेण, कवळ, पालापाचोळा आणि गवत पसरून, वर माती टाकून ते भाजण्याची ही रीत मागासलेली मानून झिडकारणारे पुष्कळ झाले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ मध्ये राबावर सविस्तर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि जमीन तापण्याचा पिकावर खरोखर परिणाम होतो, हे तपासून दाखवले. आजच्या भाषेत राब म्हणजे वरच्या काही बोटे मातीतील तणांच्या बियांवर आणि सूक्ष्मजीवांवर उष्णतेने केलेली निवड. जंगलतोड आणि धूर यांची किंमत मोजून ती चालू ठेवावी, असा याचा अर्थ नाही. गादीवाफ्यावर उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून माती तापवणे हे तिचेच सौम्य रूप आहे. वांगी-मिरचीची रोपे ज्या वाफ्यात वाढतात, तो वाफा स्वच्छ असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण रोपाबरोबर मुळाची माती जाते आणि मातीबरोबर एका गावची समष्टी दुसऱ्या गावाला जाते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. भातानंतरच्या हरभऱ्यात पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांत रोपे माना टाकू लागली, तर त्याला सरसकट मर म्हटले जाते आणि पुढच्या वर्षी मरप्रतिकारक वाण आणला जातो. रोपे तरीही मरतात, आणि मग बियाणे खोटे ठरवले जाते. ओल अधिक आहे, भाताची धसकटे व मुळे अजून कुजलेली नाहीत, अशा जमिनीत या वयाला बहुधा मानकूज असते. तिचा कारक स्क्लेरोशियम रॉल्फ्सी ही अगदी निराळी बुरशी आहे. रोपाच्या मानेशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे बारीक गोल दाणे दिसले की तीच समजावी. ती पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते, तिच्यातही एकमेकांत न मिसळणारे अनेक गट आहेत, आणि विजय, विशाल, दिग्विजय यांसारख्या राहुरीच्या वाणांत फ्युजेरियमविरुद्ध आणलेल्या जनुकांशी तिला काही देणेघेणे नाही. फुलोऱ्यानंतर, उष्मा वाढल्यावर ठिसूळ, सुकलेल्या मुळाने मरणारी झाडे पुन्हा तिसऱ्याच बुरशीची, कोरड्या मूळकुजीची असतात. एकाच खाचरात, एकाच हंगामात, तीन निरनिराळे मारेकरी! प्रतिकारक वाण त्यांतील एकाच्या, आणि त्याच्याही काही वंशांच्याच, विरुद्ध उभा आहे.

शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. जमिनीला काय खायला हवे, हे पत्रिका सांगते; जमिनीत राहते कोण, यासाठी तिच्यात एकही रकाना नाही. तेरावा रकाना उद्याच छापता येईल असे नाही, कारण जिवंत समष्टीची मोजणी नत्रासारखी एका आकड्यात मावत नाही आणि दर हंगामाला बदलते. पण तालुक्यातील निवडक खाचरे ठरवून, दरवर्षी तेथूनच रोगट झाडे घेऊन, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे पाठवणे ही खर्चाची नव्हे, शिस्तीची बाब आहे. एका शेतातून एकच झाड नेल्याने भागत नाही. शेताच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली झाडे स्वतंत्र ठेवावी लागतात, कारण विविधता मोजायची असेल तर नमुने एकत्र कालवणे म्हणजे मोजण्याची गोष्टच पुसून टाकणे होय.

नमुना घेणाऱ्याने हरभऱ्याच्या खाचरात दोनदा जावे: पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एकदा आणि फुलोऱ्याच्या पुढे एकदा, कारण या दोन वेळी मरणाऱ्या झाडांचे कारक बहुधा वेगळे असतात. झाड मुळांसकट, ओढून न काढता खणून घ्यावे. हरभऱ्याचे खोड उभे चिरून रेघ पाहावी. वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या खोडाचा तुकडा आडवा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबकळत धरावा, आणि काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरू लागला तर तो जीवाणू समजावा. नमुना कागदी पिशवीत ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून दुसऱ्याच बुरशी माजतात. पिशवीवर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वाणाचे नाव, बियाणे किंवा रोपे कोठून आणली, त्या खाचरात आधीच्या दोन हंगामांत काय होते, आणि वरच्या खाचराचे पाणी त्यात येते की नाही.